टँकर, नक्षलवादी आणि छातीतली कळ



११ जुलै २०२५ ला विधान परिषदेने महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. आदल्या दिवशी विधानसभेत ते मंजूर झालं होतं. विधानसभेत ठामपणे विरोधात उभा राहिला तो एकच आमदार, डहाणूचे माकपचे विनोद निकोले. परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला आणि विषय संपला.

११ जुलै ही तारीख कुणी मुद्दाम निवडली असेल असं मी म्हणत नाही. सरकारला ती आठवत असेल एवढी अपेक्षाही नाही. पण आपल्याला आठवते. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात सकाळी लोक उठले तेव्हा बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला होता. लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव दलाची गाडी आली, गोळीबार झाला आणि दहा माणसं मेली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडच्या आपल्या घरात आयुष्य संपवलं.

माझे मामा तेव्हा शेजारच्या कामराज नगरात राहायचे. मी शाळकरी होतो, गावाकडे होतो. दिवाळीला मामा आले तेव्हा आमच्या ओट्यावर सगळी आळी जमली आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. पेपरात आलं होतं की जमाव हायवेवरचा गॅसचा टँकर पेटवणार होता, तो फुटला असता तर सगळी वस्ती उडाली असती, म्हणून नाइलाजाने गोळ्या घालाव्या लागल्या. मामांनी जमिनीवर काडीने रेघ ओढली. "हा हायवे. ही आमची गल्ली. गोळी इथं लागली. टँकर कुठं अन् पोरं कुठं!" एवढंच म्हणाले आणि गप्प झाले. न्या. गुंडेवार आयोगानेही पुढे गोळीबार असमर्थनीय ठरवला. २००९ साली सत्र न्यायालयाने गोळीबाराचा आदेश देणाऱ्या मनोहर कदमला जन्मठेप दिली. बारा वर्षांनी. आणि थोड्याच दिवसांत उच्च न्यायालयातून त्याला जामीनही मिळाला.

हे सगळं तुम्हाला माहीत आहे. दर वर्षी ११ जुलैला आपण पोस्ट टाकतो. मला बोलायचं आहे ते त्या टँकरबद्दल.

महाराष्ट्रात आपल्या माणसावर पोलिसी अत्याचार झाला की सरकार आधी एक गोष्ट तयार करतं आणि चौकशी मागाहून येते. गोष्ट पहिल्या चोवीस तासांत येते, चौकशीला वर्षं लागतात. आणि वर्षांनंतर चौकशीत ती गोष्ट खोटी निघाली, तरी लोकांच्या डोक्यात टँकर तसाच उभा असतो. आजही एखाद्या सवर्ण मित्रापुढे रमाबाई नगरचा विषय काढून बघा. "हो, पण ते टँकर पेटवत होते ना?" हे वाक्य येतंच.

२००६ साली ही गोष्ट बदलली. २९ सप्टेंबरला भंडारा जिल्ह्यात खैरलांजीला भोतमांगे कुटुंबातल्या चौघांचा खून झाला. सुरेखा, प्रियंका, रोशन, सुधीर. महिनाभर मुख्य प्रवाहातल्या वर्तमानपत्रांनी त्याची दखलसुद्धा धड घेतली नाही. मग विदर्भात लोक, विशेषतः आपल्या बाया, नेत्यांची वाट न बघता रस्त्यावर आल्या. तेव्हा गृहमंत्री होते आर. आर. पाटील. त्यांनी काय म्हणावं? या आंदोलनामागे नक्षलवाद्यांचा हात आहे. घरातल्या चार माणसांची प्रेतं कालव्याच्या पाण्यातून निघतात, त्याचा राग यायला गडचिरोलीहून कुणी यावं लागतं का? पण शब्द एकदा सुटला की सुटला. पोरं उचलली गेली, घरं झडली. खून करणाऱ्यांना शिक्षा झाली, पण त्या खुनात जात होती हे कोर्टात सिद्ध झालं नाही. ॲट्रॉसिटीचं कलम टिकलं नाही.

लक्षात घ्या, १९९७ ला युतीचं सरकार होतं आणि २००६ ला काँग्रेस-राष्ट्रवादीचं. 'विद्रोही'चे संपादक सुधीर ढवळे यांना २०११ च्या जानेवारीत वर्ध्याला एका आंबेडकरी साहित्य संमेलनातून परतताना उचललं, तेव्हाही धर्मनिरपेक्ष म्हणवणारेच सत्तेवर होते. ढवळे चाळीस महिने आत राहिले आणि २०१४ साली निर्दोष सुटले. चाळीस महिन्यांचा हिशोब कुणी दिला नाही. यूएपीए कायद्याला २००८ साली धार लावली तीही काँग्रेसच्याच केंद्र सरकारने. म्हणून आजच्या सरकारवर बोलताना कुणी आपल्याला 'महाविकास'च्या खात्यात टाकू नये आणि आपणही स्वतःला तिथे नेऊन ठेवू नये. पक्ष बदलतो, पोलिस ठाण्यातली गोष्ट तीच राहते.

भीमा कोरेगावची हकिगत लांबवत नाही. १ जानेवारी २०१८ ला दगड खाल्ले अभिवादनाला गेलेल्यांनी. एकबोटेंना अटक झाली आणि काही आठवड्यांत जामीन झाला, भिडेंना अटकच झाली नाही. आणि आदल्या दिवशी शनिवारवाड्यावर जी एल्गार परिषद झाली, तिच्यावरून एकूण सोळा जणांना यूएपीए लागला. त्यात पुन्हा ढवळे. नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग, ज्यांनी दलित-आदिवासींच्या केसेस लढण्यात उमेदीची वर्षं घातली. कबीर कला मंचाची गाणारी पोरं. चौऱ्याऐंशी वर्षांचे फादर स्टॅन स्वामी, ज्यांना कंपवातामुळे पेला धरता येत नव्हता म्हणून स्ट्रॉ आणि सिपर मागावा लागला, आणि ५ जुलै २०२१ ला जामिनाची वाट बघतच ते गेले. अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने रोना विल्सन यांच्या संगणकात ती पत्रं बाहेरून घुसवलेली आहेत असा अहवाल दिला, तरी त्यानंतर विल्सन आणि ढवळे जवळपास चार वर्षं आतच होते. आनंद तेलतुंबडे यांना १४ एप्रिलला, म्हणजे जयंतीच्या दिवशी, हजर व्हावं लागलं आणि ते बाहेर आले २६ नोव्हेंबरला, संविधान दिनाला. आपले सण आता अशा तारखांनीही लक्षात राहू लागलेत.

आणि मग परभणी.

१० डिसेंबर २०२४ ला, जागतिक मानवी हक्क दिनीच, परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद होता, त्यात तोडफोड झाली. तोडफोड झाली हे मी लपवत नाही. जिथे झाली तिथे सीसीटीव्ही बघा, माणूस ओळखा, गुन्हा दाखल करा. कायदा तेवढंच सांगतो. पण पोलिस वस्त्यांमध्ये शिरले. कोंबिंग ऑपरेशन हा शब्द आपल्या बायांनाही आता पाठ झालाय. घरातून ओढून काढलं, बायांना मारलं, त्याचे व्हिडिओ सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. पकडलेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी होता. पस्तीस वर्षांचा, वडार समाजातला, वकिलीचं शिक्षण घेणारा. १५ डिसेंबरला कोठडीत त्याचा मृत्यू झाला.

गोष्ट लगेच तयार झाली. छातीत कळ आली. श्वसनाचा जुना त्रास होता. मुख्यमंत्री, जे गृहमंत्रीही आहेत, त्यांनी नागपूरच्या अधिवेशनात सांगितलं की मारहाण झाल्याचं दिसत नाही, न्यायदंडाधिकाऱ्यांनी विचारलं तेव्हा खुद्द सोमनाथनेच तक्रार नाही असं सांगितलं होतं. कधी पोलिसांच्या गराड्यात कोर्टात उभे राहिला आहात का? मी राहिलोय. मागे दोन हवालदार उभे असतात, ज्यांच्याबरोबर परत जायचं असतं. साहेब विचारतात, "काही तक्रार?" आणि मान आपोआप हलते. त्या हललेल्या मानेला सरकार विधानसभेत पुरावा म्हणून वापरतं.

छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय रुग्णालयातल्या शवविच्छेदनात कारण आलं होतं: अनेक जखमांमुळे बसलेला धक्का. म्हणजे सभागृहात निवेदन झालं तेव्हा सरकारी डॉक्टरांचं मत आधीच कागदावर होतं. दंडाधिकारी चौकशीनेही पोलिसांवर ठपका ठेवला. तरी गुन्हा नाही. एका सत्ताधारी आमदाराने तर मोठं मन करून पोलिसांना माफ करा असा सल्ला दिला. माफी कुणी मागितली होती म्हणून करायची? सोमनाथच्या आईने, विजयाबाईंनी, सरकारचे दहा लाख नाकारले. ज्या बाईचं हातावर पोट आहे तिने नाकारले, हे आपल्या पुढाऱ्यांनी महामंडळाचं पत्र हातात घेताना एकदा आठवावं. पुढचं वाक्य लिहून खोडलं, राहू द्या.

४ जुलै २०२५ ला औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. विजयाबाईंची बाजू ॲड. प्रकाश आंबेडकरांनी मांडली. राज्य सरकारने काय करावं? सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, गुन्हा नोंदवू नये म्हणून. ३० जुलैला तिथेही हरलं. या दोन तारखांच्या मध्ये काय बसतं ते पाहा. १० आणि ११ जुलै. एका हाताने सरकार कोठडीत मेलेल्या माणसासाठी एफआयआर होऊ नये म्हणून भांडत होतं आणि दुसऱ्या हाताने जनतेच्या सुरक्षेचा कायदा करत होतं.

आता त्या कायद्याकडे. 'आपल्याला काय त्याचं, तो डाव्यांसाठी आहे' असं म्हणणारे आपल्यात बरेच आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मंजूर झालेल्या मसुद्यात शब्द आहेत: कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तत्सम संघटना. माझा सगळा जीव त्या 'तत्सम'मध्ये अडकलाय. २००६ साली खैरलांजीचा निषेध करणारी बाई तत्सम होती. २०१८ साली शनिवारवाड्यावर संविधानाची शपथ घेणारा तत्सम होता. 'शहरी नक्षल' या शब्दाची कुठल्या कायद्यात व्याख्या नाही, तरी त्याच्यावर निवडणुका लढवल्या गेल्या. अशा संघटनेचा सभासद असलात तर तीन वर्षं, सभासद नसून मदत केलीत तर दोन वर्षं, बेकायदेशीर कृत्य केलंत तर सात वर्षं. गुन्हे दखलपात्र आणि अजामीनपात्र. आणि बेकायदेशीर कृत्य म्हणजे काय? नुसती हिंसा नव्हे. सार्वजनिक सुव्यवस्थेत हस्तक्षेप करण्याकडे कल असणं, प्रस्थापित कायद्याची अवज्ञा करायला उत्तेजन देणं हेसुद्धा. बोलून, लिहून, चिन्हानेही.

मुख्यमंत्री म्हणाले, आंदोलन करणाऱ्यांवर हा कायदा वापरणार नाही. मंत्र्याचं भाषण पोलिस ठाण्यात कुणी वाचत नाही. तिथे कलम वाचतात. छत्तीसगडमध्ये असाच कायदा २००५ पासून आहे. त्याखाली आणि राजद्रोहाखाली डॉ. विनायक सेन यांना जन्मठेप झाली होती, सर्वोच्च न्यायालयातून त्यांना जामीन मिळाला. २०२४ च्या ऑक्टोबरात त्याच कायद्याने बस्तरमधल्या मूलवासी बचाओ मंचवर बंदी आली. तो आदिवासी पोरापोरींचा मंच होता, सुरक्षा दलांच्या कॅम्पविरोधात धरणं धरणारा. त्यांच्यावर ठपका होता विकासकामांना विरोध केल्याचा.

माझंही डाव्यांशी भांडण आहे. गिरण्यांच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला घेत नव्हते, कारण धागा तोंडाने ओढावा लागायचा आणि विटाळ व्हायचा. कामगारांचे लढे लढणाऱ्यांना ते दिसूनही दिसत नव्हतं, हे बाबासाहेबांनी १९२८ च्या संपावेळी लक्षात आणून दिलं होतं. ते भांडण आजही मिटलेलं नाही, आणि मिटायची मला घाईही नाही. पण याच बाबासाहेबांनी १९३८ साली काय केलं ते वाचा. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं काँग्रेस सरकार होतं, गृहमंत्री कन्हैयालाल मुनशी. औद्योगिक कलह विधेयक आलं. ठरावीक परिस्थितीतला संप बेकायदेशीर, आणि संप केला तर तुरुंग. बाबासाहेब विधिमंडळात उभे राहिले. त्यांचा मुद्दा असा होता की संपाचा हक्क हे स्वातंत्र्याच्या हक्काचंच दुसरं नाव आहे. माणसाला इच्छेविरुद्ध काम करायला लावणं आणि त्यासाठी तुरुंगाचा धाक घालणं ही गुलामी आहे. आणि ते भाषण करून घरी गेले नाहीत. ७ नोव्हेंबर १९३८ ला स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र आले, मुंबईत एक दिवसाचा संप झाला, त्या दिवशी पोलिसांनी गोळीबारही केला. ज्यांच्याशी जातीच्या प्रश्नावर भांडत होते त्यांच्याबरोबर बाबासाहेब उभे राहिले, कारण कायदा कुणासाठी काढलाय असं सांगितलं जातं यापेक्षा तो कुणाच्या मानेवर बसेल हे त्यांना कळत होतं.

यावर ठरलेलं उत्तर येतं. बाबासाहेबांनीच सांगितलंय, मोर्चे-सत्याग्रह सोडा, ते अराजकाचं व्याकरण आहे. २५ नोव्हेंबर १९४९ चं भाषण. एका पोलिस अधिकाऱ्याने मला नोटीस देताना हे ऐकवलं होतं, चहा पाजून. त्या भाषणात अट आहे ती कुणी ऐकवत नाही. सनदशीर मार्ग मोकळे नव्हते तेव्हा इतर मार्गांचं समर्थन होऊ शकत होतं, आता मार्ग मोकळे आहेत म्हणून ते सोडा, असा तो युक्तिवाद आहे. म्हणजे मार्ग मोकळे ठेवण्याची जबाबदारी राज्यावर आली. निवेदन दिलं तर शिक्का मारून ठेवायचं, धरणं धरलं तर नोटीस, बंद पुकारला तर कोंबिंग, मेला तर छातीत कळ, आणि एफआयआर मागितला तर सर्वोच्च न्यायालयात अपील. यात व्याकरण कुणी मोडलं? डिसेंबर १९२७ मध्ये महाडला कोर्टाचा मनाई हुकूम आला तेव्हा हजारो लोक जमलेले असताना बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला. चवदार तळ्याचा निकाल उच्च न्यायालयातून मिळायला १९३७ साल उजाडलं. कायद्यावर भरवसा ठेवायचं आम्हाला शिकवायची गरज नाही, आम्ही दहा वर्षं वाट पाहून तो ठेवलेला आहे.

गेल्या महिन्यात आमच्या अभ्यासिकेत एमपीएससी करणाऱ्या एका पोराने विचारलं, "दादा, मोर्चाला आलो आणि गुन्हा पडला तर भरतीचं काय?" प्रश्न खरा आहे. ३ जानेवारी २०१८ च्या बंदनंतर आमच्या तालुक्यात पोरांवर ३५३, १४३, १४७ लागले. सरकारने २०२० साली सभागृहात सांगितलं की त्या वेळच्या ६४९ पैकी ३४८ गुन्हे मागे घेतले. उरलेल्यांतली चार पोरं आमच्याकडची आहेत. एकाची चारित्र्य पडताळणी तीनदा अडकली. तो आता भाड्याने रिक्षा चालवतो. त्याने त्या दिवशी दगड मारला नव्हता, त्याच्या हातात निळा झेंडा होता. मी अभ्यासिकेतल्या पोराला "समाजासाठी त्याग कर" असं म्हणालो नाही. आईबापाने शेतमजुरी करून शिकवलेल्या पोराला मंचावरून त्याग शिकवणं मला जमत नाही. मी त्याला म्हणालो, परीक्षा दे, आणि रविवारी आम्हाला दोन तास दे. अर्ज लिहायला, आरटीआय टाकायला, कागद लावायला माणसं लागतात. रस्त्यावर जायचं काम आम्ही करू.

कारण खरी उणीव तिथेच आहे. घोषणा आपल्याकडे पुरेशा आहेत. जयंतीला डीजेवर लाखाचा खर्च होतो, पण रात्री अकराला पोरगं उचललं तर कोणत्या वकिलाला फोन करायचा हे वस्तीत कुणाला ठाऊक नसतं. संविधानाचं २२ वं कलम सांगतं की अटकेची कारणं सांगा, वकिलाला भेटू द्या, चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे न्या. हे कलम १९४९ च्या सप्टेंबरात बाबासाहेबांनी १५-अ म्हणून घटना समितीत आणलं. २१ व्या कलमातून 'ड्यू प्रोसेस'ची हमी निघून गेली होती, त्याची थोडी तरी भरपाई व्हावी म्हणून. म्हणजे पोलिस ठाण्याच्या दारात आपण जे चोवीस तास मागतो, ते त्यांनी हट्टाने मिळवून दिलेत. त्यापुढे डी. के. बसू खटल्यातले निर्देश आहेत: अटकेचा पंचनामा, त्यावर साक्षीदाराची सही, नातेवाइकाला खबर, वैद्यकीय तपासणी. तपासणीच्या वेळी अंगावरचा प्रत्येक वळ डॉक्टरला दाखवून लिहून घ्यायचा, आणि साहेबांनी "काही तक्रार?" विचारलं की मागचे हवालदार विसरून "हो, मारलंय" म्हणायचं. सोपं नाही, पण ते वाक्य रेकॉर्डवर गेलं नाही की पुढे ते सभागृहात आपल्याविरुद्ध वाचलं जातं.

आम्ही आमच्या चार वस्त्यांत एक वही ठेवली आहे. दोन वकिलांचे नंबर, जामीन राहायला तयार असलेल्या सात-बाराधारकांची नावं, सरकारी दवाखान्यातल्या ओळखीच्या माणसाचं नाव. भूमिहीनांच्या वस्तीत जामीनदार शोधणं हेच सगळ्यात अवघड गेलं. शेवटी दोन मातंग आणि एक मराठा शेतकरी तयार झाले. तुमच्याकडे अशी वही असेल तर कळवा, नसेल तर करा, नमुना पाठवतो.

त्या चार पोरांची पुढची तारीख पुढच्या महिन्यात आहे. वकील फी घेत नाहीत, पण नकला आणि झेरॉक्सचा खर्च आपणच उचलतो. ज्यांना यायचं आहे त्यांनी सकाळी अकरापर्यंत कोर्टासमोरच्या टपरीवर यावं. झेंडे आणू नका, आधार कार्ड आणा.

जयभीम. जय संविधान.